सुताचे चलन, कापडाची हुंडी

नाणकसंग्राहकाची दृष्टी बऱ्याच वर्षांच्या व्यासंगानंतर राजमुद्रेवरून ढळते आणि सरकारी टांकसाळीशी ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता, तरीही चार माणसांनी भरवशाने पत्करले म्हणून जे व्यवहारात राहिले, अशा बिल्ल्यांकडे, कुपनांकडे व हुंड्यांकडे वळते. अमेरिकेतील टेनिनो या गावाची पेढी १९३१ च्या डिसेंबरात बुडाली, तेव्हा तेथील व्यापारी मंडळाने लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर पैसे छापले, आणि हौशी लोकांनी ते इतक्या उत्साहाने जपले की त्यांतील पुष्कळसे वटवण्यासाठी परत आलेच नाहीत. वर्धा जिल्ह्याची अशा चलनाला लाभलेली देणगी याहून विलक्षण आहे. कारण पैशाची उणीव भरून काढण्यासाठी नव्हे, तर पैशाचे माहात्म्यच उतरवण्यासाठी येथे पर्यायी चलनाचा विचार झाला.

ते चलन म्हणजे सूत. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी आणि चार लट्यांची गुंडी, असे त्याचे कोष्टक. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी दरमहा दोन हजार यार्ड सूत अशी ठरली होती. ती सक्ती पुढल्याच वर्षी पाटण्यास सैल झाली आणि तेथेच अखिल भारतीय चरखा संघ जन्मास आला. तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात या संघाच्या कार्याची फेरमांडणी केली, आणि पुढे खादी भांडारात गिऱ्हाइकाने किमतीचा काही अंश सुताच्या रूपाने चुकवावा, असा दंडक झाला. हा दंडक मला व्यवहार्य वाटत नाही: सुताचा अंक, कस व समानता पारखल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही, आणि दर हस्तांतराला ज्याची पारख करावी लागते ते चलन मंदगतीच राहणार. परंतु ज्याला कातता येते त्याच्या घरीच टांकसाळ असावी, ही त्यामागील कल्पना अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाला लाजवील इतकी धाडसी होती, आणि वर्ध्याजवळच पवनारास परंधाम आश्रमात विनोबांनी आरंभिलेला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग हे तिचेच तर्कशुद्ध टोक होय.

गुंडी संग्रहाच्या वहीत बसत नाही, तिला कसर लागते. संग्राहकांच्या हाती आली ती तिची कागदी वारस, खादी हुंडी. १९५३ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग मंडळाने व १९५७ पासून त्याचा कार्यभार घेणाऱ्या आयोगाने या हुंड्या प्रचारात आणल्या. गांधीजींची छबी असलेली ही हुंडी रोख देऊन घ्यावी आणि भांडारात तेवढ्या किमतीची खादी उचलावी, अशी ही रीत; त्यामुळे कापड खपण्यापूर्वीच खादीच्या कामाला भांडवल मिळे. गांधीजी रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने आले. म्हणजे खादीच्या हुंडीने त्या बाबतीत सरकारी खजिन्याला मागे टाकले होते.

त्या शताब्दी-नोटेवरही वर्धा आहेच: बैठ्या गांधीजींच्या पाठीमागे सेवाग्रामची कुटी. मे-जून १९७० मध्ये दीड महिन्याहून कमी काळ गव्हर्नरपदी असलेल्या भा. ना. आडारकरांची सही असलेल्या या नोटांसाठी संग्राहक धडपडतात, ते त्या अल्प कारकिर्दीमुळेच.

हुंडीच्या बाबतीत मात्र संग्राहकांची अभिरुची मला पटत नाही. बाजारात भाव येतो तो कोऱ्या, करकरीत, कधी न वटलेल्या हुंडीला. वटल्याचा शिक्का बसलेली वा छिद्र पाडलेली हुंडी कमअस्सल म्हणून बाजूला सारली जाते. न वटलेली हुंडी म्हणजे न उचललेले कापड. शिक्का ही कापड उचलल्याची खूण; म्हणून शिक्क्याची हुंडी मिळाली तर ती आधी घ्यावी, आणि शाई पुसट असली तरी भांडाराचे नाव व तारीख वाचून नोंदवहीत उतरून ठेवावी.