लाकूड वाकते कसे?

पूर्णाकाठच्या जाफराबादला पूर्वी सुताराला कामाची वाण नव्हती. नांगर, वखर, गाडीची चाके, सारे त्याच्याच हातचे. आता लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आले. सुताराचे काम आटले. पण हातातले कसब वाया का जावे? त्याच हातांनी सुबक, बाकदार खुर्ची घडवता येते.

खुर्चीची पाठ आपल्या पाठीला धरून बाकदार हवी. सरळ फळीतून करवतीने बाक कापला, तर लाकडाचे धागे मध्येच तुटतात. मग नेमकी तिथेच खुर्ची मोडते. जुने सुतार हे जाणत. म्हणून नांगरासाठी ते मुळातच वाकडे वाढलेले लाकूड हुडकीत.

तसे लाकूड मिळालेच नाही तर? सरळ लाकूडच वाकवावे! मायकेल थोनेट नावाच्या कारागिराने हे करून दाखवले. तो १७९६ साली जर्मनीत जन्मला. १८५९ साली त्याने एक खुर्ची काढली. तिचे लाकडी भाग अवघे सहा, स्क्रूंनी जोडलेले. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक मीटर लांब, रुंद, उंच खोक्यात मावत.

आता रीत पाहू. लाकडाचे धागे ज्या द्रव्याने चिकटलेले असतात, ते ओल आणि उष्णता मिळाली की मऊ पडते. म्हणून सरळ धाग्याचे, बिनगाठीचे लाकूड घ्यावे. फार वाळलेले नको. ते पेटीत ठेवून वाफ द्यावी. एक इंच जाडीला सुमारे एक तास. पेटीला वाफ जायला भोक हवेच, नाही तर पेटी फुटेल. हातमोजे घालून लाकूड काढावे आणि लगेच साच्यावर वाकवावे. उशीर केला तर ते पुन्हा ताठ होते. मग साच्यावरच बांधून काही दिवस वाळू द्यावे.

आमची पहिली पट्टी बाहेरच्या अंगाने कडकन मोडली. असे का झाले? मऊ झालेले लाकूड दाबले तर आकसते, पण ताणले तर फारसे लांबत नाही. थोनेटची युक्ती इथेच आहे. बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावून ती दोन्ही टोकांना घट्ट धरायची. मग बाहेरचे अंग ताणत नाही, आतले दबते. आमची दुसरी पट्टी शाबूत वाकली.

चाकावर धाव चढवताना लोखंड तापवून फुगवायचे, पाणी ओतून आवळायचे, हे आपल्या सुताराला ठाऊकच आहे. तोच विस्तव इथे लाकडाच्या कामी येतो. आधी लहान पट्टीवर हात बसवावा, मग खुर्चीला हात घालावा.