पाहिजेत : लहान धंद्याची नोकरीची ऑनलाइन जाहिरात

‘पाहिजेत’ या एका शब्दाने सुरू होणारी जाहिरात आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. दुकानासाठी होतकरू मुलगा पाहिजे, हॉटेलसाठी आचारी पाहिजे, वाहनचालक पाहिजे, समक्ष भेटा. वृत्तपत्रात शब्दांवर पैसे मोजावे लागत, म्हणून जाहिरात जितकी त्रोटक तितकी स्वस्त, असा हिशेब होता. आज तीच जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. तेथे चार शब्द जास्त लिहिल्याने खर्च वाढत नाही. तरीही आपले लहान व्यावसायिक जुन्याच काटकसरीने लिहितात आणि मग ‘माणसे मिळत नाहीत’ अशी तक्रार करतात. या तक्रारीत तथ्य किती आणि जाहिरातीचा दोष किती, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आपल्याच तालुक्याचे उदाहरण घेऊ. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. भोवतालचे पुष्कळसे रान आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते, त्यामुळे येथे मोठे कारखाने येण्याची आशा नाही. त्याऐवजी वाढले ते पर्यटन. गणेशगुडीचे राफ्टिंग, घरगुती निवास म्हणजे होमस्टे, लहान रिसॉर्ट, जीपगाड्या असे हे धंदे आहेत. लहान ठिकाणी पाच-दहा माणसेच काम करतात. एकीकडे मालक म्हणतो, आचारी मिळत नाही. दुसरीकडे आपल्याच गावांतील मुले कामासाठी गोव्याची वाट धरतात. या दोघांमधील अंतर केवळ पगाराचे नाही. ते माहितीचेही आहे.

रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले होते. खाजगी क्षेत्रात ते २५ किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांपुरते होते. पाच-दहा माणसांचा धंदा त्यात कधीच आला नाही. साहजिकच असल्या नोकऱ्या ओळखीपाळखीने भरल्या गेल्या. ओळखीचा माणूस खात्रीचा असतो हे खरे. परंतु ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याच्या कानावर जागा रिकामी असल्याचे जातच नाही. ऑनलाइन जाहिरातीचे खरे महत्त्व येथे आहे.

जाहिरात कोठे द्यावी?

भारत सरकारने २०१५ साली ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे नोकरी देणारा आणि मागणारा या दोघांनाही नोंदणीसाठी पैसे पडत नाहीत. १९९७ साली सुरू झालेले ‘नोकरी डॉट कॉम’ मुख्यतः कचेरीतील कामांसाठी व पदवीधरांसाठी प्रसिद्ध आहे. २०१५ चे ‘वर्कइंडिया’ आणि २०१९ चे ‘अपना’ यांचा भर चालक, आचारी, विक्रेते अशा कामांवर आहे. यांखेरीज गावोगावचे व्हॉट्सॲप गट आहेतच. लहान धंद्याने प्रथम विनामूल्य मार्ग वापरावा, गावच्या गटांवरही तोच मजकूर द्यावा आणि त्यानेही काम न झाल्यास पैसे खर्च करावेत, हा क्रम बरा.

ही संकेतस्थळे चालतात कशी, हेही समजून घेतले पाहिजे. जाहिरात देताना एक अर्ज भरावा लागतो. त्यात पदाचे नाव, ठिकाण, वेतन, अनुभव असे वेगवेगळे रकाने असतात. नोकरी शोधणारा याच रकान्यांची चाळण लावतो : अमुक गावाजवळ, अमुक पगाराच्या पुढे. रकाना रिकामा ठेवला, तर आपली जाहिरात चाळणीतून खाली पडते आणि ज्याला ती दिसायला हवी त्याला दिसतच नाही. ‘योग्य पगार दिला जाईल’ हे वाक्य माणसालाही काही सांगत नाही आणि यंत्रालाही नाही.

ठिकाणाचा रकाना तर आपल्याकडे विशेष जपून भरावा लागतो. जोयडा तालुक्यातील कितीतरी निवासगृहे पर्यटकांसाठी ‘दांडेली’ याच नावाने जाहिरात करतात, कारण ते नाव बाहेर माहीत आहे. पाहुणा स्वतःच्या मोटारीने येतो, त्याला फरक पडत नाही. पण त्याच नावाने नोकरीची जाहिरात दिली, तर उमेदवार दांडेलीच्या बसस्थानकावर उतरतो आणि कामाची जागा अजून कितीतरी दूर जंगलात असल्याचे त्याला तेव्हा कळते. संध्याकाळची शेवटची बस गेलेली असते. असा उमेदवार दुसऱ्या दिवशी परत गेला, तर त्याला आळशी कसे म्हणावे?

जाहिरातीत काय असावे?

समजा, गणेशगुडीजवळच्या एका होमस्टेला आचारी हवा आहे. ‘आचारी पाहिजे. चांगला पगार. संपर्क साधा.’ ही झाली जुनी रीत. त्याऐवजी असे लिहावे : ‘दहा खोल्यांच्या होमस्टेसाठी एक आचारी पाहिजे. शाकाहारी जेवण व मासळीचे पदार्थ येणे आवश्यक. काम सकाळी ६ ते ११ व सायंकाळी ५ ते ९. आठवड्यातून एक दिवस सुटी, तो शनिवार-रविवार नसेल. राहणे व जेवण मोफत, स्वतंत्र खोली. पावसाळ्यातही काम व पगार चालू राहील. गणेशगुडी बसथांब्यापासून ३ किलोमीटर. नेण्याची सोय आहे. मोबाइलची रेंज फक्त आवारात मिळते.’ आणि यापुढे पगाराचा नेमका आकडा. शेवटची रेंजची ओळ लिहायला मालक कचरेल. परंतु ती वाचूनही जो येईल, तोच टिकेल.

पावसाळ्याची ओळही तितकीच महत्त्वाची. राफ्टिंग बंद होते, पाहुणे कमी होतात, अणशी घाटात दरड कोसळून रस्ता अडतो. काम आठच महिन्यांचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. उरलेले चार महिने घरची शेती सांभाळणाऱ्याला ते सोयीचेही पडेल.

भाषेचा विचारही करावा. आपल्याकडे घरात कोकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड असा प्रकार आहे. केवळ इंग्रजीत दिलेली आचाऱ्याची जाहिरात आचारी वाचतच नाही. या अंकाप्रमाणेच जाहिरातीचेही दोन विभाग असावेत.

काही गोष्टी कायद्याच्या आहेत. सारख्याच कामाच्या भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये, हा १९७६ च्या समान वेतन कायद्याचा नियम २०१९ च्या वेतन संहितेतही आला आहे. म्हणून स्वागतकक्षासाठी ‘फक्त मुली’ असे लिहिणे योग्य नव्हे. जाहीर केलेले वेतन शासनाने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. आधार कार्डाच्या प्रती पहिल्याच दिवशी मागवू नयेत. निवड झाल्यावर मागाव्यात. आणि जागा भरताच जाहिरात काढून टाकावी. शिळी जाहिरात वाचून कोणी एक दिवसाची मजुरी बुडवून येतो, हे विसरू नये.

आता वाचणाऱ्याच्या बाजूने एक सूचना. विद्यार्थी मित्रांनो, यांपैकी बहुतेक जाहिराती तुम्ही देणार नसून वाचणार आहात. नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत, प्रशिक्षणाची रक्कम अशा कोणत्याही नावाने जो नोकरीआधी पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहा. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवा. ज्या जाहिरातीत ठिकाण, वेळ आणि पगार नाही, तेथे फोन करून आधी हे तीन प्रश्न विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

नोकरीची जाहिरात हा मालकाने दिलेला पहिला शब्द असतो. मोठ्या कंपनीचे नाव तिच्या वतीने बोलते. लहान धंद्याजवळ तो शब्दच काय तो असतो. तो खरा असला, तर गोव्याच्या बसमध्ये बसण्यापूर्वी आपल्या गावचा एखादा मुलगा निदान एक फोन जोयड्यात करून पाहील.