विश्लेषण : पहिलीच क्लब सायकल शर्यत… बिरसीच्या सपाट रस्त्यावर तयारी कशी करावी?

गोंदिया शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर असलेले बिरसी ओळखले जाते ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी. आज येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि शिकाऊ विमानांचा आवाज परिसराला सवयीचा झाला आहे. त्याच विमानांखालून रोज शेकडो सायकली धावतात. कोणी शाळेत जाते, कोणी बाजाराला, कोणी कामावर. यातल्याच एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला कधी तरी वाटते, की आपण शर्यतीत उतरून पाहावे. पण रोज सायकल चालवणे आणि शर्यतीत सायकल चालवणे यात फरक काय? आठ आठवड्यांत तयारी होते का? आणि कोणी आधी डॉक्टरांना भेटायलाच हवे?

क्लब शर्यत म्हणजे नेमके काय?

सायकलिंग क्लब किंवा स्थानिक संघटना घेतात त्या या शर्यती. अंतर बहुधा २० ते ५० किलोमीटर. वयानुसार, स्त्री-पुरुष आणि अनेकदा गिअर व बिगरगिअर असे गट असतात. म्हणजे साधी सायकल असणाऱ्यालाही जागा असते. प्रकार मुख्यतः दोन. पहिला ‘टाइम ट्रायल’. यात स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात आणि घड्याळाशी स्पर्धा करतात. दुसरा ‘मास स्टार्ट’. यात सगळे एकत्र सुटतात आणि जो रेषा आधी ओलांडेल तो जिंकतो. नवख्याने आधी टाइम ट्रायल करावी. घोळक्यात पडण्याची भीती नसते आणि स्वतःचा वेग कळतो.

‘ब्रेव्हे’ मात्र शर्यत नाही. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, त्यात क्रमांक दिला जात नाही. नोंदणी करताना आपण कशात नाव देतो आहोत, हे आधी पाहावे.

विदर्भातून मोठी मजल कोणी मारली?

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्यांनी रशियातील नऊ हजार किलोमीटरहून लांब ‘ट्रान्स सायबेरियन’ शर्यतही पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतील हीच शर्यत जोडीने पूर्ण केली होती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा बोर घाट आणि तेथे मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब जुन्या पिढीला ठाऊक आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. ही नावे मोठी आहेत, पण अशा प्रवासाची पहिली पायरी बहुतेकांसाठी छोट्या स्थानिक शर्यतीचीच असते.

सपाट रस्ता सोपा, असे समजावे का?

नाही. गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. बिरसी, कामठा परिसरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत, आडोसा कमी. त्यामुळे येथे चढ नसला तरी वारा असतो. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा कापण्यातच खर्च होते. वेग २५ वरून ३० केला, तर नुसत्या हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती साधारण पावणेदोन पट होते. ‘थोडाच तर वेग वाढवला’ असे म्हणणारा दहा मिनिटांत दमतो, तो यामुळे.

वाऱ्याची दिशा ओळखण्याची सोय बिरसीकरांना घरबसल्या आहे. विमाने वाऱ्याला तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा जाणवण्याइतका असेल तेव्हा विमान ज्या दिशेला झेपावते, त्या दिशेकडून तो येत आहे असे समजावे. सरावाला निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि दमल्यावर वाऱ्याच्या सोबतीने परतावे. उलटे केले तर घरापासून वीस किलोमीटरवर पाय गळून पडतात.

चढाचा सराव हवा असेल तर सालेकसा-दरेकसा भागातला चढ-उतार आहे. जंगलाच्या रस्त्यावर मात्र पहाटे किंवा संध्याकाळी एकट्याने जाऊ नये.

आठ आठवड्यांचे वेळापत्रक कसे असावे?

पहिले तीन आठवडे : आठवड्यातून चार दिवस. तीन दिवस १५ ते २० किलोमीटर, रविवारी ३०. वेग इतकाच, की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. बिरसीहून गोंदिया गाठून परत आले, की २४ किलोमीटर होतातच.

चौथा ते सहावा आठवडा : एक दिवस जोराचा सराव. दहा-पंधरा मिनिटे हलके चालवून मग तीन मिनिटे जोरात, तीन मिनिटे हळू, असे चार-पाच वेळा. एक दिवस जोडीदारांसोबत घोळक्याचा सराव. एक दिवस हलकी सायकल. रविवारी ४० ते ५० किलोमीटर.

सातवा आठवडा : शर्यतीइतके अंतर, शर्यतीच्याच वेळी, त्याच कपड्यांत आणि त्याच न्याहरीवर एकदा पूर्ण करावे.

आठवा आठवडा : अंतर निम्मे करावे. दोन दिवस अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चार-पाच जोरदार फेऱ्या पुरेत. या आठवड्यात केलेली जास्तीची मेहनत शर्यतीत उपयोगी पडत नाही, थकवा मात्र सोबत येतो.

पायडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरेल असा प्रयत्न करावा. एक गुडघा १५ सेकंदांत २० ते २२ वेळा वर आला, की हिशेब जुळला. जड गिअरवर जोर लावून हळू चालवणाऱ्याचे गुडघे आधी बोलू लागतात. धानरोवणी किंवा कापणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्याने त्या कष्टालाही सराव समजावे आणि त्या संध्याकाळी विश्रांती घ्यावी.

घोळक्यात चालवणे वेगळे का शिकावे लागते?

पहिल्या शर्यतीत नवखे मागे पडतात ते बहुधा पायात ताकद नसते म्हणून नाही, तर घोळका सुटतो म्हणून. दुसऱ्याच्या मागे चालवणाऱ्याला वारा कमी लागतो आणि साधारण चौथा ते तिसरा हिस्सा शक्ती वाचते. पण त्यासाठी पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर न घाबरता राहावे लागते. एकट्याने सराव करणाऱ्याला हे कधीच जमत नाही.

दोन-तीन मित्र मिळवा आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर हे नियम घोटवा. आपले पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका. चाके घासली तर पुढचा सहसा सावरतो, पडतो तो मागचा. नजर समोरच्या चाकावर नको, खांद्यांच्या वरून पुढे हवी. अचानक ब्रेक दाबू नका आणि रेषा मोडू नका. खड्डा दिसला की हाताने खुणावा आणि ओरडून सांगा. अंतर आधी दीड सायकलीइतके ठेवून हळूहळू कमी करा.

सायकल महागच हवी का?

पहिल्या शर्यतीला नाही. शाळेत जाण्यासाठी मिळालेल्या साध्या सायकलवर रोज दहा किलोमीटर ये-जा करणाऱ्या मुलीचा पाया, नवी महागडी सायकल घेऊन महिनाभर फिरलेल्यापेक्षा पक्का असू शकतो. पैसे खर्च करायचे तर या क्रमाने : हेल्मेट, चांगले टायर-ट्यूब, ब्रेकचे पॅड, चेन. हेल्मेटशिवाय शर्यतीत उतरूच नये.

सीटची उंची ठरवण्याची सोपी पद्धत अशी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा पायडलवर ठेवला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. टायरच्या कडेवर हवेचा कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या वर जाऊ नये. पंक्चर काढायला घरीच शिका. शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणताही नवा भाग बसवू नका.

खाणे-पिणे काय असावे?

शर्यतीच्या दोन-तीन तास आधी भात, पोहे किंवा उकडलेले बटाटे असे पचायला हलके खावे. तेलकट आणि तिखट टाळावे. तासाभरापेक्षा जास्त चालवायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. गूळ किंवा चिक्कीही चालते, पण ती सरावात खाऊन पाहिलेली असावी.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोटाघोटाने. घाम जास्त येत असेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (सपाट चहाचे चमचे) घालावे. गोंदियाचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो. मार्चनंतरचा सराव सकाळी आठच्या आत संपवलेला बरा.

डॉक्टरांना कोणी आधी भेटावे?

पूर्व विदर्भात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि तपासणीवर भर दिला. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांमुळे त्रास उफाळतो. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय शर्यतीत उतरू नये. जे केवळ वाहक आहेत, ते बहुतेक खेळ खेळू शकतात. मात्र ऊन, पाण्याची कमतरता आणि तयारीशिवाय घेतलेला एकदम जोर हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत. स्नायूंत असह्य दुखणे किंवा विलक्षण अशक्तपणा आला, तर ‘थोडेच राहिले’ म्हणून ओढत नेऊ नये, थांबावे आणि मदत मागावी. आपली तपासणी झाली आहे का, हे माहीत नसेल तर सरकारी रुग्णालयात विचारावे.

छातीत दुखणे, चक्कर येणे, हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनीही आधी तपासून घ्यावे. ताप असताना शर्यत नाही, हा नियम सर्वांना.

स्थानिक रस्त्यावरचे धोके कोणते?

हिवाळ्याच्या पहाटे धानाच्या पट्ट्यात दाट धुके पडते, तेव्हा पुढे-मागे दिवा आणि उजळ कपडे हवेत. कापणीनंतर रस्त्यावर तणस आणि वाळत घातलेले धान असते. त्यावर चाक घसरते, म्हणून ब्रेक न दाबता सरळ जावे. ट्रॅक्टरने आणलेला चिखल, गुरे आणि न रंगवलेले गतिरोधक वेगळेच. क्लबच्या अनेक शर्यतींत रस्ता वाहनांसाठी बंद नसतो. तेव्हा डावी बाजू सोडायची नाही, क्रमांक हातचा गेला तरी.

शर्यतीच्या दिवशी काय करावे?

ओळखपत्र, वयाचा दाखला आणि १८ वर्षांखालील असल्यास पालकांचे संमतीपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. तासभर आधी पोहोचा आणि शेवटचे दोन किलोमीटर फिरून पाहा. वळण कुठे आहे, खडी कुठे आहे, हे माहीत असलेला तेथे पडत नाही. सुटताना सगळे जोरात निघतात, पहिली पाच मिनिटे आपण घोळक्याच्या मागच्या अर्ध्यात राहावे, पण शेपटाला नाही.

पहिल्या शर्यतीत लक्ष्य तीनच ठेवावीत : न पडणे, घोळक्यात निदान अर्धे अंतर टिकणे आणि शर्यत पूर्ण करणे. घोळका सुटलाच, तर मागून येणाऱ्या दोघा-तिघांना सोबत घ्या आणि आळीपाळीने पुढे राहा. घरी आल्यावर वहीत तीन ओळी लिहा : कुठे दमलो, काय खाल्ले, घोळका कुठे सुटला. पुढच्या आठ आठवड्यांचे वेळापत्रक त्या तीन ओळींवरून ठरते.