काट्यावरची रांग आणि सडकेवरचा नियम



गळीत हंगामात रात्री दोन-अडीच वाजता आपल्यापैकी कोणी कारखान्याच्या काट्यावर जाऊन उभे राहिले, तर एक गोष्ट नजरेस येईल. ट्रॅक्टर, ट्रक आणि बंड्यांची लांब रांग लागलेली असते. गाडीवान शेकोटीपाशी बसलेले असतात, कोणी बंडीखाली झोपलेला असतो. पोलीस नाही, साहेब नाही. तरीही ज्याचा नंबर त्याचीच गाडी पुढे सरकते. एखाद्याने मध्येच ट्रॅक्टर घुसवला की चारही बाजूंनी आवाज उठतो, "काय रे भाऊ, आम्ही काय इथे जागरणाला बसलो का?" आणि तो बापडा मुकाट्याने मागे घेतो.

तोच ट्रॅक्टरवाला, किंवा आपल्यातलाच एखादा सभासद, दुसऱ्या दिवशी कामासाठी नागपूरला जातो. सीताबर्डीच्या चौकात लाल दिवा लागलेला असतो. तो आधी दिवा पाहत नाही, पोलीस पाहतो. "नाही ना उभा कोणी? मग चाल." डोक्यावर असायला हवे ते हेल्मेट मोटारसायकलच्या हँडलला लटकलेले असते. पोलीस दिसला की डोक्यावर जाते, चौक ओलांडला की पुन्हा हँडलला येते. खर्ऱ्याच्या पन्नीचेही तसेच. नागपूर महानगरपालिकेने २०१७ मध्ये उपद्रव शोध पथक नेमले. पथकाची माणसे समोर दिसली की पन्नी खिशात जाते, ती वळली की सडकेवर पडते.

माणूस एकच आहे. मग काट्यावर शिस्त आणि चौकात बेशिस्त, असे का? या प्रश्नाचा आम्ही बराच विचार केला. आम्हाला जे उमगले ते सभासदांपुढे ठेवतो.

नियम कोणाचा?

काट्यावरची रांग आपण आपली मानतो. ती मोडली तर आपला ऊस वाळतो, वजन घटते, आपल्या खिशाला चाट बसते, हे प्रत्येकाला दिसते. सडकेचा नियम मात्र आपण 'सरकारचा' मानतो. पिढ्यान्‌पिढ्या कायदा म्हणजे वरून आलेला हुकूम, आणि हुकमाला शक्य तिथे बगल द्यायची, ही सवय अंगवळणी पडली आहे. वास्तविक आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, आणि तो आपण निवडून दिलेल्या संसदेने केलेला आहे. आपल्या संस्थेचे पोटनियम जसे आपले, तसाच तोही आपलाच.

सडकेचा नियम म्हणजे मुळात एक करार आहे. डावीकडून चालण्यात काही पुण्य नाही आणि उजवीकडून चालण्यात पाप नाही. स्वीडन देशात पूर्वी गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालत. उजवी बाजू घ्यावी काय, असे १९५५ साली लोकांना विचारले, तेव्हा शंभरातील ८० हून अधिक मतदारांनी नको म्हटले. पुढे संसदेने बदल ठरवला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळा देश एका वेळी उजवीकडे वळला. ज्यांनी विरोधात मत दिले होते तेही वळले. कारण प्रत्येकाला ठाऊक होते की समोरचा आता त्या बाजूने येणार. समोरचा काय करील याचा भरवसा, एवढाच या नियमाचा अर्थ आहे.

बंडीवाल्याला वाटते की हे सगळे मोटारवाल्यांसाठी आहे. तसे नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे. त्याच्या कलम ९९ प्रमाणे रस्त्यावरून कोणतेही वाहन हाकताना डावी बाजू धरायची आहे, आणि जनावर किंवा गाडी रस्त्यात बेवारशी सोडायची नाही. बैलबंडीलाही तो लागू आहे.

"दंड भरू ना!"

दुसरे कारण असे की आपण दंडाला किंमत समजतो. "दोनशे-पाचशे देऊ ना, का फरक पडते?" म्हणजे नियम मोडण्याचे जणू तिकीटच काढले. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात दंडाच्या रकमा वाढल्या. पण रक्कम कितीही वाढली तरी ती अपघाताची किंमत नव्हे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातील. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या वर्षी दगावले, आणि त्यांत १४ हजारांवर मागे बसलेले होते. कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट चालवणाऱ्याला हवे तसे मागच्यालाही हवे. घरची लक्ष्मी मागे बसते, तिच्या डोक्याला काय फक्त पदर पुरतो?

काही सभासद म्हणतील, "रस्तेच खराब, दिवे बंद, आम्हाला काय शिकवता?" यात तथ्य आहे. खड्डा हा कोणाच्या तरी कामचुकारपणाचाच पुरावा असतो आणि त्याविरुद्ध तक्रार केलीच पाहिजे. नागपुरात २०२१ मध्ये शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसवून धोक्याच्या जागा शोधण्याचा प्रकल्प सुरू झाला, तो याच विचाराने. परंतु रस्ता सुधारला की सगळे सुधारते हेही खरे नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासारखा सरळ रस्ता आपल्याकडे दुसरा नव्हता. त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. चांगली सडक म्हणजे सुरक्षित सडक असा हिशेब मांडता येत नाही.

आपल्या उसाच्या गाडीकडे पाहू

इथपर्यंत दुसऱ्याचे झाले. आता आपल्या दारचे बोलू. हंगामात सडकेवर सर्वांत मोठा धोका कोणता, असे गावच्या मोटारसायकलवाल्या पोराला विचारा. तो सांगेल, "उसाची ट्रॉली, मागे दिवा नसलेली."

हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पुढे काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात ३३ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर, सडक कोरडी असली तरी, आणखी साधारण ३५ मीटर लागतात. म्हणजे सुमारे ७० मीटर झाले. खाली झुकवलेल्या दिव्यात, अंधाऱ्या सडकेवर, मळक्या रंगाचा ऊस ४०-५० मीटरवर आला तरच दिसतो. याचा अर्थ त्या मोटारवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हाच वेळ गेलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर बोलायलाच नको.

आता त्याच ट्रॉलीला मागे चकाकणारी लाल पट्टी असेल तर ती दीडशे मीटरवरून चमकते. सहा-सात सेकंद हाती लागतात. तेवढ्यात माणूस वेग कमी करतो, बाजूने निघून जातो आणि घरी पोचतो. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी, असा पट्ट्यांचा साधा नियम आहे. तरीही आपल्या गाड्यांवर काय होते? पट्टी असते, पण तिच्यावर हंगामभराची धूळ बसते. दिवा असतो, पण मागे लोंबणाऱ्या मोळ्या आणि वाढे त्याला झाकून टाकतात. म्हणून ऊस भरून झाल्यावर, शेवटच्या थराच्या मागे, सगळ्यांत बाहेरच्या टोकाला चकाकणारी पट्टी लावलेली फळी किंवा कापड बांधावे. बंडीच्या मागेही तेच करावे. बैलाच्या शिंगांना रंग लावतो, बंडीच्या पाठीला पट्टी लावायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट जादा भराईची. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून खेप कमी आणि भराई जास्त, असा मोह होतो. त्यात दोष एकट्या वाहतूकदाराचा नाही. "आजच सगळा फड उचल" म्हणून तगादा लावणारे आपणच असतो. कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. पण दंड बाजूला ठेवा. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरलाच ढकलते, वळणावर कलते, आणि उलटली की रस्ता चार-चार तास बंद. मागच्या सगळ्या सभासदांचा तोडलेला ऊस तेवढा वेळ वाळतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच उसाच्या बिलातून वळता होतो, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट दगडांची. चाक पंक्चर झाले, गाडी सडकेवरच उभी केली, मागे-पुढे दगड मांडले. इथपर्यंत ठीक. पण चाक बदलून गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. पहाटे दूध घेऊन निघालेला पोरगा त्यांवर आदळतो. त्याने कोणाचे काय केले होते? दगड उचलून कडेला टाकायला दोन मिनिटे लागतात.

चौथी गोष्ट ट्रॅक्टरवरच्या गाण्यांची. डेक एवढ्या मोठ्याने लावायचा की मागच्याचा हॉर्न ऐकूच जाऊ नये, ही कसली हौस?

पाचवी गोष्ट घरच्या पोरांची. सोळा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो याचा बापाला अभिमान वाटतो. वावरात ठीक आहे, सडकेवर नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ सांगते की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. गाडीचा विमा नसेल तर नुकसानभरपाई मालकाच्या अंगावर येते. मग वावर विकायची पाळी येते.

पडलेल्या माणसाला उचला

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकने मोटारसायकलला धडक दिली आणि एक बाई जागीच गेली. ट्रक पळाला. नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात दाखवला, कोणी थांबले नाही. अखेर तो बायकोचे प्रेत मोटारसायकलला बांधून निघाला. ही बातमी वाचून आपल्या प्रत्येकाच्या पोटात कालवले असेल. पण त्या सडकेवर आपण असतो तर थांबलो असतो काय? पुष्कळांचे उत्तर असते, "कोर्टकचेरीचं लफडं कोण मागे लावून घेईल?"

हे भय आता काढून टाकले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये ते कलम १३४-अ म्हणून कायद्यात आले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. सद्भावनेने मदत करताना काही कमी-जास्त झाले तरी त्याच्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२५ पासून अपघातातील जखमीवर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार करण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. नंबर लक्षात ठेवा, ११२ आणि १०८.

सुरुवात कुठून?

पोलीस प्रत्येक चौकात उभा राहू शकत नाही आणि प्रत्येक फडावर तर मुळीच नाही. काट्यावरची रांग पोलिसाने लावली नाही, ती आपण लावली. एकाने मोडली तर दहा जण बोलतात, म्हणून ती टिकते. सडकेवर आपण बोलत नाही, एवढाच फरक आहे. ज्या दिवशी फडातून निघणाऱ्या गाडीला सभासद म्हणेल, "भाऊ, मागे पट्टी बांध, मगच गाडी काढ," त्या दिवशी सडकेचा नियम आपला झाला असे समजावे.

म्हणून आमची विनंती आहे की पुढच्या गट सभेत पाणी, खत आणि भावाच्या चर्चेबरोबर हाही विषय घ्यावा. आपल्या गटातील किती बंड्या आणि ट्रॉल्यांना मागे पट्टी आहे, हे मोजून पाहावे. ज्याच्या गाडीला नसेल त्याला दोष देत बसू नये. पट्टी आणून, सगळ्यांनी मिळून, त्याच संध्याकाळी लावून टाकावी.