डावं कुणाचं?

"डाव्या बाजूला दिसतंय, मॅडम."

"कुणाच्या? तुझ्या की पेशंटच्या?"

पडद्यावरच्या मेंदूकडे आपण पायथ्याकडून पाहत असतो, त्यामुळे पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हे ठाऊक नसलेलं स्कॅन वाचण्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत कुणीच नव्हतं. सगळे एम.डी. होऊन न्यूरॉलॉजीत डी.एम. करणारे. तरी दर आठवड्याला कुणीतरी चुकतंच, असं त्यांना शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

त्यांचा नियम एकच: आधी वर्णन, आजाराचं नाव नंतर. पुढचा सी.टी. अर्धांगाच्या पेशंटचा होता, त्रास सुरू होऊन दीड तास झालेला. "रक्तस्राव नाही," रेसिडेंट म्हणाला आणि थांबला. ताजं रक्त पांढरं उठून दिसतं, ते शोधणं सोपं. पण रक्तपुरवठा नुकताच तुटलेला मेंदू, म्हणजे ताजा इन्फार्क्ट, जवळजवळ निरोगीच दिसतो. सी.टी.च्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे 1000 वर. त्या पट्टीवर मेंदूच्या राखाडी आणि पांढऱ्या भागांत फरक जेमतेम पाच-दहा एककांचा. मॅडमनी विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायच्या एककांची रुंदी, 80 वरून 40 वर आणली. तेवढ्याच फरकाला आता पडद्यावर दुप्पट जागा मिळाली. "इन्सुलाची किनार दोन्हीकडे बघ." एकीकडे मेंदूच्या त्या भागाची राखाडी पट्टी होती, दुसरीकडे पुसल्यासारखी. बघता बघता मलाही ती दिसली, किंवा तसं वाटलं. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला खात्री कुठली!

मग एका एम.आर.आय.ची पाळी आली तेव्हा एकीनं घाईच केली. "डी.डब्ल्यू.आय.वर पांढरं आहे, म्हणजे ताजा इन्फार्क्ट."

"अगं, ए.डी.सी. उघडलास?"

उघडला, डी.डब्ल्यू.आय.च्या जोडीनं पाहायचा तो एम.आर.आय.चाच नकाशा. ताज्या इन्फार्क्टमध्ये तिथं काळं दिसायला हवं होतं. इथं तीच जागा पांढरी होती. जुनाच डाग टी-टूच्या प्रभावामुळे डी.डब्ल्यू.आय.वर चमकला होता. ती जीभ चावून हसली. मॅडम हसल्या नाहीत. असा डाग ताजा समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तर डोक्यात रक्तस्राव ओढवू शकतो.

शेवटच्या स्कॅनवर दहा मिनिटं गेली. कुणी पिनियलमधला कॅल्शियमचा ठिपका दाखवला, कुणी सायनस तपासले, एकानं कवटीच्या हाडांची विंडोसुद्धा लावली. मॅडम गप्प. अखेर सगळ्यांत धाकटी पुटपुटली, "मॅडम… नॉर्मल?"

"प्रश्नचिन्ह काढ आणि पुन्हा म्हण."