ताळेबंदात न दिसणारी संपत्ती

१९८०च्या उन्हाळ्यात ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये रॉबर्ट हेज आणि विल्यम अबरनथी या दोन प्राध्यापकांचा लेख आला. अमेरिकी उद्योग तेव्हा कोंडीत सापडला होता. डेट्रॉइटच्या मोटारींना जपानी मोटारी भारी पडत होत्या, टीव्हीचा धंदा हातचा जात होता आणि दोष कुणाच्या माथी मारायचा हेही ठरलेले होते. कुणी तेलाच्या भावाकडे बोट दाखवी, कुणी कामगार संघटनांकडे, कुणी सरकारी नियमांकडे. हेज आणि अबरनथी यांनी थेट व्यवस्थापकांना जबाबदार धरले. वित्त आणि कायदा या शाखांतून वर आलेली माणसे कंपन्यांच्या शिखरावर बसू लागली आहेत, त्यांना परताव्याचा टक्का कळतो पण उत्पादनाची प्रक्रिया कळत नाही, आणि म्हणून ज्याचे फळ उशिरा मिळते त्या कामावर पहिली कात्री चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. असे व्यवस्थापक घडवणाऱ्या हार्वर्डमधूनच हा इशारा आला होता. तरीही पुढच्या दोन दशकांत अमेरिका नेमकी उलट दिशेला गेली.

त्या दिशेला वैचारिक बळ आधीच मिळाले होते. नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या मासिकात मांडले होते. नोव्हेंबर १९८२मध्ये अमेरिकी रोखे आयोगाने एक नियम करून कंपन्यांना स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्याची वाट मोकळी करून दिली. शेअर कमी झाले की प्रत्येक शेअरमागचा नफा फुगतो आणि भाव चढतो. दरम्यान वरिष्ठांचा पगारही अधिकाधिक प्रमाणात शेअरच्या रूपात मिळू लागला. भाव कशाने वाढतो ते ठरवणारा आणि वाढलेल्या भावाचा लाभ घेणारा माणूस एकच झाला.

विल्यम लॅझॉनिक या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली मांडलेला हिशेब डोळे उघडणारा आहे. २००३ ते २०१२ या दहा वर्षांत ‘एस अँड पी ५००’ या शेअर निर्देशांकातल्या ४४९ कंपन्यांनी नफ्यातले ५४ टक्के शेअर परत घेण्यावर आणि आणखी ३७ टक्के लाभांशावर खर्च केले. नव्या यंत्रांसाठी, संशोधनासाठी, कामगारांसाठी त्या नफ्यातून उरले किती, हे वाचकाने स्वतःच मोजावे. त्याआधी, २००५ साली, ग्रॅहम, हार्वे आणि राजगोपाल या संशोधकांनी चारशेहून अधिक वित्ताधिकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. नफ्याचा आलेख सरळ दिसावा म्हणून कंपनीच्या दीर्घकालीन मूल्यावर पाणी सोडायला ७८ टक्के जण तयार होते. ही सारी माणसे वाईट असतील हे पटत नाही. दर तीन महिन्यांनी ज्याची परीक्षा घेतली जाते, तो परीक्षेपुरताच अभ्यास करणार.

जनरल इलेक्ट्रिकने या शाळेचा अभ्यासक्रम लिहिला. एडिसनच्या परंपरेतली ही कंपनी १९८१ साली जॅक वेल्च यांच्या हाती आली. १९८०च्या अखेरीस तिच्याकडे सुमारे ४ लाख ११ हजार माणसे होती, पाच वर्षांत ती २ लाख ९९ हजारांवर आली. नफ्याचा मोठा वाटा पुढे कारखान्यांऐवजी जीई कॅपिटल या कर्जव्यवसायातून येऊ लागला आणि बाजाराने वेल्च यांना डोक्यावर घेतले. २००८च्या आर्थिक संकटात तोच कर्जव्यवसाय गळ्याशी आला. २०१८ साली डाऊ जोन्स निर्देशांकातून कंपनीचे नाव गळले आणि २०२४पर्यंत तिचे तीन तुकडे झाले. निवृत्तीनंतर खुद्द वेल्च यांनीच, केवळ भागधारकांचे मूल्य हे कंपनीचे धोरण असू शकत नाही, असे कडक शब्दांत सांगितले. तोवर त्यांच्या तालमीत तयार झालेली माणसे इतर कंपन्यांच्या प्रमुखपदी जाऊन पोचली होती.

त्यातली तीन माणसे वेगवेगळ्या काळात बोइंगच्या प्रमुखपदी बसली. बोइंग ही मुळात अभियंत्यांची कंपनी. १९६०च्या दशकात ७४७ हे विमान घडवताना तिने जवळजवळ सारी कंपनीच पणाला लावली होती. १९९७मध्ये मॅकडॉनेल डग्लस तिच्यात विलीन झाली आणि २००१ साली मुख्यालय सिएटलच्या कारखान्यांपासून दूर शिकागोला गेले. त्याच वर्षी कंपनीतलेच एक अभियंते एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी अंतर्गत परिषदेत एक निबंध वाचला. काम बाहेर दिले की नफाही बाहेर जातो आणि जुळणीतल्या चुका मात्र आपल्या पदरात पडतात, हे त्यांनी डग्लसच्या डीसी-१० विमानाच्या अनुभवावरून दाखवून दिले. मालमत्ता कमी दाखवून परताव्याचा टक्का वाढवण्याचा हिशेब किती फसवा आहे, तेही सांगितले.

तरीही ७८७ विमानाचे मोठमोठे भाग जगभरच्या पुरवठादारांवर सोपवण्यात आले. ते विमान ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा, २०११मध्ये ग्राहकाच्या हाती पडले. कॅन्ससमधला विचिटा इथला कारखाना २००५मध्येच विकून झाला होता आणि त्यातून स्पिरिट एरोसिस्टिम्स ही वेगळी कंपनी उभी राहिली होती.

२०११मध्येच प्रतिस्पर्धी एअरबसच्या नव्या ए३२० निओने बाजार काबीज करायला सुरुवात केली. संपूर्ण नवे विमान आखायला वेळ लागला असता, पैसाही. बोइंगने १९६०च्या दशकातल्या ७३७लाच मोठी इंजिने जोडायचे ठरवले. त्याने उड्डाणाचा तोल बदलला आणि तो सावरायला एक संगणकप्रणाली बसवली. ती नाक किती वर आहे हे सांगणाऱ्या एकाच संवेदकावर विसंबून होती. वैमानिकांना सिम्युलेटरवर नवे प्रशिक्षण घ्यावे लागू नये, ही विक्रीतली मोठी जमेची बाजू होती. तसे प्रशिक्षण लागलेच, तर साउथवेस्ट एअरलाइन्सला प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलर सूट द्यायचे कबूल केले होते. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९मध्ये इथिओपियात ही ‘७३७ मॅक्स’ विमाने कोसळली. ३४६ माणसे मेली. २०१३पासून २०१९पर्यंत याच कंपनीने ४३ अब्ज डॉलरचे स्वतःचे शेअर परत घेतले होते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवताना हात थरथरतो, पण ती शेजारीच ठेवायला हवीत.

जानेवारी २०२४मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या उडत्या मॅक्स विमानाचा दारासारखा भाग निखळून पडला. तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच जागेवर नव्हते. त्याच वर्षी जुलैत बोइंगने स्पिरिट परत विकत घेण्याचा करार केला, ४.७ अब्ज डॉलरना, शिवाय कर्जाचा बोजा वेगळा.

चिप बनवणाऱ्या इंटेलची कथा रक्ताची नाही, पण देशाच्या दृष्टीने तितकीच गंभीर आहे. आयफोनसाठी चिप पुरवायची संधी नाकारली, अब्जावधी डॉलर शेअर परत घेण्यात घातले आणि दहा नॅनोमीटरच्या चिप घडवण्याचे तंत्र वर्षानुवर्षे रखडले. पुढे निघून गेली ती तैवानची टीएसएमसी. तिचे संस्थापक मॉरिस चँग हे पंचवीस वर्षे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काम केलेले गृहस्थ. ऑगस्ट २०२५मध्ये इंटेलचा सुमारे दहा टक्के हिस्सा अमेरिकी सरकारला घ्यावा लागला.

सगळा दोष तिमाही निकालांवर ढकलणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७९मध्ये अमेरिकी कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख लोक होते आणि २०१०च्या सुरुवातीला १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरले. यात यंत्रांचा आणि चिनी आयातीचा वाटा मोठा आहे. ॲमेझॉनने वर्षानुवर्षे नगण्य नफा दाखवला, तरी गुंतवणूकदार धीराने थांबले. अमेरिका आजही जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आहे. घसरण झाली ती वस्तू घडवण्याच्या क्षमतेची, आणि त्या क्षमतेवर जगणाऱ्या गावांची.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मुंबईच्या गिरणगावातल्या अनेक मालकांनी चांगल्या वर्षांतला नफा नव्या मागांत घातला नाही. जानेवारी १९८२मध्ये कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा कित्येक गिरण्यांतली यंत्रे जुनाट झालेली होती. पुढे कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. आज तिथे मॉल आणि मनोरे आहेत. ज्यांच्या बोटांना सूत कळत होते त्यांची मुले दुसऱ्याच कामांत विखुरली.

उपाय शोधले जात आहेत. २०२३पासून अमेरिकेत शेअर परत घेण्यावर एक टक्का कर लागू झाला. तो फारच हलका आहे. तिमाहीऐवजी सहामाही निकाल जाहीर करावेत असेही सुचवले जाते, पण ब्रिटनने तिमाही निकालांची सक्ती काढल्यावर गुंतवणुकीत फारसा फरक पडला नाही. मोबदल्याची रीत बदलल्याशिवाय निकालांचे वेळापत्रक बदलून काय होणार?

२०२२च्या चिप्स कायद्याने देशातच चिप घडवण्यासाठी ५२ अब्ज डॉलर बाजूला काढले. टीएसएमसी त्याआधीपासूनच ॲरिझोनात कारखाना उभारत होती. जुलै २०२३मध्ये तिने उत्पादन लांबणीवर टाकल्याचे जाहीर केले. अवजड, गुंतागुंतीची यंत्रे बसवणारी अनुभवी माणसे पुरेशी मिळत नाहीत, ती तैवानहून आणावी लागतील, असे कारण दिले. स्थानिक कामगार संघटनांना ते मान्य नव्हते. फिनिक्स परिसरातल्या मॅरिकोपा कम्युनिटी कॉलेजांनी मात्र आधीच, २०२२पासून, चिप कारखान्यांसाठी तंत्रज्ञ घडवायला सुरुवात केली होती. त्यांचा प्राथमिक वर्ग दहा दिवसांचा होता.