दारूचा थेंब नाही, तरी लिव्हर फॅटी?

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. वाटलं होतं खडा निघेल. रिपोर्टमध्ये निघाली भलतीच ओळ : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. आता हा कागद घरी दाखवला की पहिला प्रश्न काय येणार, ते तुम्हाला पाठ आहे. ‘‘बाबू, कधीपासून प्यायला लागला?’’

लिव्हर खराब म्हणजे दारू, हे समीकरण आपल्याकडे पक्कं बसलंय. इटियाडोहच्या आसपासच्या गावांत तर जास्तच. मोहाच्या दारूने बसलेली घरं आपण पाहिलेली असतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात तर लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ग्लासला कधी हात न लावलेला पोरगाही रिपोर्ट बॅगेत दडवून ठेवतो. पोरगी असेल तर विचारूच नका. खरं नुकसान इथेच होतं, कारण हा आजार मागे फिरवायला सगळ्यात सोपा असतो तो याच टप्प्यावर.

नेमकं होतं काय?

लिव्हरमध्ये थोडी चरबी असतेच. ती साधारण पाच टक्क्यांच्या वर गेली, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू हे त्याचं एक कारण. दारूशिवाय होतो त्याला इतकी वर्षं नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज, म्हणजे एनएएफएलडी म्हणत. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी हे नाव बदलून एमएएसएलडी केलं. नव्या नावात ‘मेटाबॉलिक’ हा शब्द आला, कारण हा आजार वजन, रक्तातली साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल यांच्याशी जोडलेला आहे. जुन्या नावातल्या शब्दांमुळे रुग्णांना लाज वाटते, हाही विचार त्यामागे होता. म्हणजे रिपोर्ट दडवणारे फक्त आपल्याच तालुक्यात नाहीत!

आता हे समजून घ्यायला गाढवी नदीवरचं आपलं धरणच बघा. पावसाळ्यात इटियाडोह भरलं की पाणी सांडव्यावरून जातं आणि आपण सेल्फी काढायला पोहोचतो. शरीराचंही तसंच. खाल्लेल्यातली जास्तीची ऊर्जा आधी कातडीखाली चरबी होऊन साठते. ती साठवण भरली, की चरबी पोटाच्या आत आणि लिव्हरमध्ये उतरते. भर म्हणजे जास्तीचा स्टार्च आणि साखर यांची चरबी लिव्हर स्वतःही बनवतं.

बहुतेकांचं गाडं इथेच थांबतं. काहींच्या लिव्हरला मात्र सूज येते, मग त्यात कडक धागे तयार होतात आणि वर्षानुवर्षांनी सिरॉसिसपर्यंत प्रकरण जातं. शिवाय फॅटी लिव्हरसोबत डायबेटिस आणि हार्टच्या आजाराचा धोकाही वाढतो. एवढं सगळं होईपर्यंत बऱ्याचदा काहीच दुखत नाही.

‘मी तर बारीक आहे’

हा डायलॉग मारण्याआधी पुण्याची एक गोष्ट वाचा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या जर्नलमध्ये आपलाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा सारखा, आतला हिशोब वेगळा. पुणे जिल्ह्यातल्या गावांत डॉ. याज्ञिकांच्या टीमने हे नवजात बाळांमध्येही पाहिलं. वजनाला कमी असलेल्या बाळांतही चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त होतं.

गावातल्या कष्टाच्या शरीराला हे होत नाही, असंही नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातली गावंही आपल्यासारखीच भातपट्ट्यातली. तिथे झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर निघालं आणि त्यांतल्या सुमारे ७५ टक्के जणांचा बीएमआय २५ च्या आत होता. देशाचं चित्र तर आणखी मोठं आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण ३८ टक्क्यांच्या घरात गेलं.

मग भात सोडायचा?

गोंदियात राहून भात सोडा म्हणणाऱ्याला घरात कोण घेणार? भात आपले आजोबाही खायचे, पण नांगरामागे दिवसभर चालून. आज बऱ्याच बांध्यांत चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी हार्वेस्टर करतो. आपण अभ्यासिकेत दहा-दहा तास बसतो. ताटातला भाताचा ढीग मात्र आजोबांच्याच मापाचा आहे. वर टपरीवरचा गोड चहा, समोसा आणि कोल्ड्रिंक. २५० मिलीच्या एका कोल्ड्रिंकमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे.

म्हणून भात ठेवा, ढीग कमी करा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, पाव ताट वरण, उसळ, अंडी किंवा मासळी, उरलेलं पाव भाताचं. मासळी आपल्याकडे ताजी मिळते. ती तळण्यापेक्षा रश्शात बरी. पोलीस भरतीवाले मित्र पहाटे धावतात, त्यांच्यासोबत आठवड्यातून पाच दिवस निदान अर्धा तास झपझप चाला.

वजन जास्त असेल तर ते पाच टक्के उतरलं, तरी लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही कमी होऊ शकते. ७० किलोवाल्यासाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच. पण उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवायला जाऊ नका. एकदम वजन पडलं तर लिव्हरचा त्रास वाढू शकतो.

तपासणी कुठे?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्याच कार्यक्रमात आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, कंबर मोजतात. अडचण एकच, ही तपासणी तिशीच्या पुढच्यांसाठी आहे. विशीतले आपण त्यात बसत नाही. म्हणून स्वतःच पुढाकार घ्यायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढच्या तपासण्या लागल्या तर गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आणि लक्षात ठेवा, रक्ताचा एलएफटी रिपोर्ट नॉर्मल आला तरी फॅटी लिव्हर असू शकतं. त्यामुळे कोणती टेस्ट करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

या आठवड्यात एवढं करा

- टेपने कंबर मोजा. मुलांची ९० सेंमी आणि मुलींची ८० सेंमीच्या वर असेल तर डॉक्टरांना भेटा.
- मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसतोय? तो घासून जाणारा मळ नसेल. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. पीसीओएस असलेल्या मुलींनीही लिव्हरबद्दल विचारावं.
- आई-बाबांना शुगर असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस बंद. चहातली साखर निम्मी. बिनसाखरेची कॉफी चालेल.
- दारू घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आधीच चरबी साठलेल्या लिव्हरवर तो दुसरा भार आहे.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ‘लिव्हर टॉनिक’ आणू नका. कुणी सांगितला म्हणून झाडपाल्याचा काढाही नको.
- रिपोर्ट आलाच असेल तर आजच घरी दाखवा. रात्रीच्या ताटात काय असणार ते घरचेच ठरवतात, त्यामुळे त्यांना कळल्याशिवाय ताट बदलणार नाही.